अठरावे लागल्यावर नव्हे, पूर्ण झाल्यावर: साताऱ्यात पहिले लायसन्स काढताना

मुलाला अठरावे वर्ष लागले की घरातील वडीलधारी माणसे लायसन्सचा विषय काढतात आणि पहिला घोटाळा तेथेच होतो. आपल्या बोलण्यात अठरावे 'लागणे' म्हणजे सतरा वर्षे पूर्ण होणे. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र पूर्ण झालेली वर्षे मोजतो. या कायद्याच्या कलम ४ नुसार १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही. त्याला एकच अपवाद आहे आणि तो म्हणजे सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी. हा अपवाद ऐकून अनेक पालक सोळाव्या वर्षीच धावपळ सुरू करतात. परंतु साताऱ्याच्या राजपथावर उभे राहून पाहिले तर समोरून जाणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्याच असतात. ५० सीसीचे लायसन्स खिशात ठेवून घरची ११० सीसीची स्कूटर चालवणे हे विनापरवाना चालवणेच ठरते, तेव्हा त्या वाटेला न जाता दोन वर्षे थांबावे, हे माझे स्पष्ट मत आहे. दरम्यान मुलाला क्लासला जायला काहीतरी हवेच असेल, तर सायकल आहे, एसटीचा पास आहे, आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरची गाडीही आहे. अशी गाडी नियमांप्रमाणे मोटार वाहनात मोडत नसल्यामुळे तिला लायसन्स लागत नाही; मात्र दुकानदाराने तिचा वेग 'खोलून' दिला की ही सवलत संपते.

'गावातल्या गावात चालते' या समजुतीबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आहे, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. दंडाची रक्कम एकवेळ घर सोसेल. पण बारावीनंतर पुण्याला शिकायला आणि पुढे नोकरीला गेलेल्या मुलाला पंचविशीपर्यंत साधी दुचाकी चालवता येऊ नये, ही शिक्षा घराला फार लांबपर्यंत पुरते.

वेळ कधी साधावी

लायसन्स दोन टप्प्यांत मिळते. आधी शिकाऊ लायसन्स निघते, ज्याला आपण लर्निंग किंवा कच्चे लायसन्स म्हणतो आणि सरकारी कागदावर 'शिकाऊ अनुज्ञप्ती' असे लिहितात. ते सहा महिने चालते. ते मिळाल्यापासून किमान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही, आणि सहा महिने उलटून गेले तर ते बाद होऊन फी भरण्यापासून सगळे पुन्हा करावे लागते. या दोन तारखांच्या मधल्या पाच महिन्यांतच शिकणे आणि परीक्षा ही दोन्ही कामे बसवायची असतात.

आमच्याकडची बहुतेक मुले बारावीत असताना किंवा बारावी संपता संपता अठरा पूर्ण करतात. दिवाळीच्या सुमारास वाढदिवस झाला म्हणून उत्साहाने नोव्हेंबरात शिकाऊ लायसन्स काढले, तर पुढे सराव परीक्षा, प्रात्यक्षिके आणि फेब्रुवारीतील बोर्डाची परीक्षा यांत हे महिने कधी संपले ते कळत नाही. माझ्या पाहण्यातली सोयीची वेळ म्हणजे बारावीचा शेवटचा पेपर झाल्यानंतरचा आठवडा. मार्चमध्ये शिकाऊ लायसन्स काढावे, एप्रिलभर शिकावे आणि मे महिन्यात परीक्षा द्यावी. जूननंतर सातारचा पाऊस नवशिक्याला रस्ता नीट दिसू देत नाही, आणि ओल्या मैदानावर दुचाकीचा आठचा आकडा काढणे सरावलेल्या माणसालाही जड जाते.

अर्जाआधी आधार कार्ड तपासा

महाराष्ट्रात २०२१ पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधारच्या पडताळणीने घरबसल्या देता येते. त्यामुळे अर्जाचे यश बरेचसे आधार कार्डाच्या अचूकपणावर अवलंबून असते. त्यावरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी व दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे आधी पाहावे. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल, तर तो आधार केंद्रावर जाऊन आधी दुरुस्त करून घ्यावा. लायसन्सवर उतरलेली चूक नंतर काढणे अधिक कटकटीचे असते. दुसरी गोष्ट आधारला जोडलेल्या मोबाइल क्रमांकाची. मूल लहान असताना आधार काढले असेल, तर तो क्रमांक हमखास वडिलांचा असतो. माझ्या पुतण्याने साताऱ्यात संगणकापुढे बसून अर्ज भरला, ओटीपी मात्र कोरेगावच्या बाजारात भाजीचा सौदा करत असलेल्या त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर गेला, आणि त्यांनी फोन घेऊन आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपून गेली. हा प्रकार तीनदा झाला.

अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरील 'सारथी' या विभागात भरायचा असतो. तेथे राज्य म्हणून महाराष्ट्र निवडावे आणि पुढे कार्यालय निवडताना थोडा विचार करावा. सातारच्या कार्यालयाचा क्रमांक एमएच-११ आणि कराडच्या कार्यालयाचा एमएच-५० आहे. माण-खटावकडचे मूल साताऱ्यात वसतिगृहात राहून शिकत असेल, तर त्याने ते जेथे शिकते तेथे अर्ज करण्यास कायद्याची आडकाठी नाही. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला गाडी घेऊन जेथे सहज पोहोचता येईल, ते कार्यालय आपले मानावे. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी शिबिरे होतात, ज्यांना सगळे 'कॅम्प' म्हणतात. आपल्या तालुक्याचा कॅम्प केव्हा असतो याची चौकशी आधी करून ठेवली, तर एक सातारची फेरी वाचते.

अर्जात वाहनाचा वर्ग निवडावा लागतो आणि तेथे घाई करू नये. 'गिअर नसलेली मोटरसायकल' या वर्गात स्कूटर येते. त्या वर्गाचे लायसन्स घेऊन गिअरची मोटरसायकल चालवता येत नाही. पुढेमागे वडिलांची मोटरसायकल हातात येणार असेल, तर सुरुवातीलाच 'गिअर असलेली मोटरसायकल' हा वर्ग घ्यावा आणि परीक्षाही तशाच गाडीवर द्यावी. मोटारीसाठी 'हलके मोटार वाहन' हा वर्ग असतो. दुचाकी व मोटार हे दोन्ही वर्ग एकाच अर्जात मागता येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सला प्रत्येक वर्गामागे १५० रुपये व त्याच्या परीक्षेला ५० रुपये, तर पुढे पक्क्या लायसन्सला २०० रुपये आणि वाहन चालवण्याच्या परीक्षेला प्रत्येक वर्गामागे ३०० रुपये शुल्क आहे. कार्ड, टपाल किंवा इतर सेवांची थोडी रक्कम त्यावर पडते. एजंट सांगतो ती रक्कम आणि ही बेरीज यांच्यातील अंतर प्रत्येकाने स्वतःच मोजून पाहावे. ज्या मुलाला कॉलेजच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरता आला, त्याला हाही भरता येतो. एजंटाची गरज मला तरी कधी दिसली नाही.

अर्जासोबत 'नमुना १' भरायचा असतो, म्हणजे स्वतःच्या शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र. पन्नास वर्षांच्या माणसापेक्षा अठरा वर्षांच्या मुलाने ते अधिक गांभीर्याने भरावे, कारण त्याची नजर आजवर कोणी तपासलेलीच नसते. चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, असा प्रश्न त्यात आहे. घराच्या दारात उभे राहून समोरच्या गाडीवर ही तपासणी एका मिनिटात करता येते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाने आधी डोळे तपासून चष्मा करून घ्यावा आणि मग 'होय' वर खूण करावी. अर्जात मृत्यूनंतर अवयवदान करण्याची इच्छा आहे का, असाही प्रश्न असतो. त्याचे उत्तर परस्पर न देता घरी आईवडिलांशी बोलून द्यावे.

संगणकावरची परीक्षा

परीक्षेत पंधरा प्रश्न येतात, प्रत्येकाला काही सेकंद मिळतात, आणि साठ टक्के म्हणजे नऊ उत्तरे बरोबर आली की मूल उत्तीर्ण होते. त्याआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. ती चालू ठेवून चहा करायला उठू नये, कारण बरेच प्रश्न त्यातल्याच विषयांवर असतात. चिन्हे पाठ करण्याऐवजी त्यांचे आकार समजून घ्यावेत. लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो, वर्तुळ आज्ञा देते आणि चौकोन माहिती देतो. वर्तुळातही लाल कड असेल तर बहुधा मनाई असते आणि निळे असेल तर तसे करणे बंधनकारक असते. 'थांबा' हे चिन्ह अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हे उलट्या त्रिकोणाचे का ठेवले, तर धुक्यात किंवा चिखलाने माखलेले असतानाही नुसत्या आकारावरून ते ओळखता यावे.

काही प्रश्न आपल्या जिल्ह्यासाठीच काढल्यासारखे वाटतात. घाटाच्या अरुंद रस्त्यावर दोन वाहने समोरासमोर आली, तर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात रोज लागतो. अपघात झाल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला मात्र कलम १३४अ ने संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे १०८ वर फोन करताना 'आपल्यामागे लचांड लागेल' या भीतीचे कारण नाही.

घरी परीक्षा असल्यामुळे मोठा भाऊ किंवा सायबर कॅफेचा माणूस शेजारी बसून उत्तरे सांगतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हे बेकायदेशीर तर आहेच, पण त्यात नुकसानही मुलाचेच आहे. नापास झाल्यास ५० रुपये भरून पुन्हा बसता येते. एवढ्या स्वस्त नापासीची भीती कशाला बाळगायची?

तीस दिवस खरोखर शिकण्याचे

शिकाऊ लायसन्स हाती आले की आपण रस्त्यावर मोकळे झालो, असे मुलांना वाटते. तसे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३ प्रमाणे गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगातील इंग्रजी 'एल' अक्षर हवे आणि शिकवणारा पक्के लायसन्स असलेला माणूस, गरज पडल्यास गाडी थांबवता येईल अशा जागी, सोबत बसलेला हवा. दुचाकीवर त्या शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही मागे बसवता येत नाही. म्हणजे दोन मित्र, दोघांचेही लर्निंग, आणि एकच स्कूटर ही कॉलेजच्या दारातली नेहमीची जोडी पूर्णपणे नियमबाह्य आहे. हेल्मेटला शिकाऊपणाची सूट नाही. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्सवर बंदी, अशी तरतूद कलम १९४ड मध्ये आहे.

शिकवण्याचा क्रम मी असा ठेवतो. पहिला आठवडा सकाळी लवकर मोकळ्या मैदानावर. तेथे वेग शिकवायचा नाही, थांबणे शिकवायचे. ठरवलेल्या दगडापाशी पुढचे चाक आणून उभे करता येईपर्यंत मुलाला रस्त्यावर नेऊ नये. दुचाकीचा पुढचा ब्रेक दाबायला मुले घाबरतात, कारण 'पुढचा दाबला की उलटतो' असे कोणीतरी सांगितलेले असते. खरे तर थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढत्या दाबाने लावण्याची सवय हाताला लागली पाहिजे. वाळूवर किंवा वळणात तोच ब्रेक झटक्याने दाबला तर चाक सरकते. हा फरक मैदानावर, दहाच्या वेगात, स्वतः अनुभवून कळावा.

दुसऱ्या आठवड्यात सदर बझारच्या आतले रस्ते आणि गोडोलीची बाजू. तेथे कुत्री आहेत, दारातून अचानक बाहेर येणारी लहान मुले आहेत, उभ्या मोटारीचे उघडणारे दरवाजे आहेत. मी मागे बसून मुलाला दिसेल ते मोठ्याने बोलायला लावतो: 'डावीकडे रिक्षा, दार उघडेल, पुढे आजी, ओलांडतील.' शेजारचे लोक हसतात, हसू द्यावेत. मोती चौकाकडची गर्दी आणि पोवई नाका तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावा. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या भुयारी रस्त्यात, शिरण्याआधीच आपल्याला कोणत्या बाजूला जायचे आहे ते ठरलेले असावे लागते. आत शिरल्यावर मन बदलणारा नवशिका स्वतःही गोंधळतो आणि मागच्या चौघांनाही गोंधळात टाकतो. वाट चुकली तर पुढे जाऊन वळून यावे, मध्येच थांबू नये, ही एवढी शिस्त तेथे शिकता येते.

चढ हा सातारकराचा खास विषय आहे. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना किंवा यवतेश्वरच्या घाटात गाडी चढावर थांबली आणि मागे न घसरता पुन्हा निघाली, तर मोटारीच्या परीक्षेतील एक अवघड भाग सुटला असे समजावे. हँडब्रेक ओढलेला, क्लच अर्ध्यावर, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडायचा; हे पायाला कळेपर्यंत वीस-पंचवीस वेळा करून घ्यावे. उताराबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. पेट्रोल वाचते म्हणून कासवरून येताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर दगा देतो. ज्या गिअरने घाट चढलो, त्याच गिअरने उतरावे, हा ट्रक चालवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे आणि तो मोटारीलाही लागू पडतो. गिअर नसलेल्या स्कूटरला हा आधार अपुरा असतो. तिच्यावर सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवावा आणि ब्रेक सतत दाबून न धरता दाबत-सोडत उतरावे.

महामार्ग शेवटच्या आठवड्यात, तोही दिवसाउजेडी. उसाच्या हंगामात शेंद्रे-नागठाणे बाजूला संध्याकाळी शिकायला जाऊच नये. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा डोळ्यांवर पडलेला झोत, अशा वेळी पुढे ट्रॉली आहे हे अनुभवी माणसालाही उशिरा समजते. खंबाटकी घाट तर पक्के लायसन्स मिळाल्यावरही काही महिने दुसऱ्याच्या शेजारी बसूनच पाहावा.

मोटार शिकण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूल लावावे का? लावावे, कारण त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. मात्र पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट विचारावी. खासगी हलक्या वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे किमान दहा तास, असे केंद्रीय नियम ३१ सांगतो. माझ्या पुतणीला एका स्कूलने दिवस पुरे भरून दिले, परंतु गाडीत रोज चौघे असत आणि तिच्या हाती स्टिअरिंग जेमतेम दहा-बारा मिनिटे येई. तिने वहीत मिनिटे लिहून ठेवली होती. ती बेरीज दाखवल्यावर उरलेले तास मुकाट्याने मिळाले.

परीक्षेचा दिवस

तीस दिवस झाले की त्याच संकेतस्थळावर पक्क्या लायसन्सचा अर्ज करून, शुल्क भरून तारीख व वेळ घ्यावी. सुट्ट्यांत तारखा लवकर भरतात, म्हणून एकतिसाव्या दिवसाची वाट न पाहता साधारण कितव्या आठवड्यात तारीख मिळते ते आधीच बघून ठेवावे. जाताना शिकाऊ लायसन्स, अर्जाची व शुल्काची पावती, मूळ आधार कार्ड आणि ज्या गाडीवर परीक्षा द्यायची तिचे नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा व पीयूसी न्यावे. गाडी शेजाऱ्याची असेल, तर तिचे पीयूसी संपलेले तर नाही ना, हे आदल्या दिवशीच पाहावे. मुलाची सगळी तयारी असून गाडीच्या कागदापायी परत आलेली घरे मला माहीत आहेत. परीक्षेला जातानाही 'एल' पाटी, हेल्मेट आणि सोबतचा माणूस हवाच. परीक्षेच्या ठिकाणी एकटे स्कूटर चालवत पोहोचणे हाच पहिला नियमभंग ठरतो.

परीक्षा मोटार वाहन निरीक्षक घेतात. दुचाकीसाठी आठचा आकडा काढायला सांगतात. त्यात वेगाचे काही काम नाही. गिअर पहिला किंवा दुसरा, क्लच थोडा दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर चाकावर नव्हे तर पुढच्या वळणावर असली, की पाय न टेकता आकडा पूर्ण होतो. इंडिकेटर किंवा हाताचा इशारा विसरू नये. मोटारीत बसल्यावर आधी आरसे, मग पट्टा, मग इंजिन. हा क्रम निरीक्षक पाहत असतात. पुढे सरळ नेणे, गिअर बदलणे, चढावर थांबून निघणे आणि मर्यादित जागेत मागे घेणे यांची चाचणी होते. मागे घेताना घाम फुटतो तो घाईमुळे. थांबून, मान वळवून पुन्हा बघितले तर कोणी गुण कापत नाही.

नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा नापास झाल्यावर मात्र साठ दिवस थांबावे लागते, आणि शिकाऊ लायसन्सची मुदत तेव्हा जवळ आलेली असू शकते, याचा हिशेब ठेवावा. निरीक्षकांना कोणती चूक झाली ते नम्रपणे विचारावे. बहुतेक वेळा ते सांगतात. 'साहेबांना सांगून बघा ना' असा आग्रह पालकांनी तेथे धरू नये, मुलाच्या देखत तर नाहीच.

उत्तीर्ण झाल्यावर कार्ड टपालाने घरी येते, म्हणून पत्त्यात वाडी, पोस्ट आणि पिन कोड नीट असणे महत्त्वाचे. तोपर्यंत आणि नंतरही डिजिलॉकरमधील प्रत रस्त्यावर ग्राह्य धरली जाते. कार्ड हाती पडताच नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, रक्तगट आणि वाहनाचे वर्ग तपासावेत. तिशीच्या आत काढलेले खासगी वाहनाचे लायसन्स वयाची चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत चालते. म्हणजे आज राहून गेलेली चूक बावीस वर्षे पाकिटात राहू शकते. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात करावा आणि 'एल' च्या पाट्या काढून धाकट्या भावंडासाठी माळ्यावर ठेवून द्याव्यात.